मेरिट शिष्यवृत्तीचं कॉलेज शोधताना: आधी कोड बघा, जाहिरात नंतर

बारावीचा निकाल आणि सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की नाशिकमध्ये घरोघरी एकच प्रश्न निघतो: एवढे चांगले गुण आहेत, तर शिष्यवृत्ती देणारं कॉलेज कोणतं? प्रश्न रास्त आहे. शोध मात्र बहुतेक वेळा फलकांपासून आणि शिक्षण मेळाव्यांपासून सुरू होतो. तिथे ‘१०० टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप’ असं लिहिलेलं असतं आणि पालक १०० हा आकडा लक्षात ठेवून घरी येतात. वाचायचा शब्द खरं तर ‘पर्यंत’ हा असतो.

महाराष्ट्रात हुशार विद्यार्थ्याला गुणांच्या जोरावर मिळणारी सर्वांत मोठी सवलत शिष्यवृत्ती या नावाने येतच नाही. ती कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पर्याय अर्जात एका कोडच्या शेवटी बसलेली असते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अभियांत्रिकी, पदविका आणि इतर काही तांत्रिक अभ्यासक्रमांत प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात. त्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. ६० च्या शाखेत ३, १२० च्या शाखेत ६. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर जात-प्रवर्ग न पाहता निव्वळ गुणवत्तेवर ही जागा मिळते आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत शिक्षण शुल्क माफ राहतं. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, बस, वसतिगृह यांचे पैसे भरावेच लागतात. जागा अगदी थोड्या, त्यामुळे त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा इथला कटऑफ वर असतो. म्हणजे ही शब्दशः मेरिटची शिष्यवृत्तीच आहे, फक्त तिच्यासाठी वेगळी परीक्षा नाही आणि मुलाखत नाही.

ती शोधायची कशी? सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक कॅप फेरीच्या कटऑफ याद्या पीडीएफमध्ये असतात. त्यात कॉलेजनिहाय, शाखानिहाय तक्ता असतो. प्रत्येक रकान्यात वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल दिलेलं असतं. टीएफडब्ल्यूएसच्या जागांचा कोड इंग्रजी ‘टी’ या अक्षराने संपतो. एक वही घ्या, चार रकाने आखा: कॉलेज, शाखा, खुल्या जागेचं शेवटचं पर्सेंटाइल, टीएफडब्ल्यूएसचं शेवटचं पर्सेंटाइल. नाशिकची कॉलेजं आधी लिहा, म्हणजे के. के. वाघ, मविप्रचं बाबूराव ठाकरे कॉलेज, मेट भुजबळ नॉलेज सिटी, गोखले एज्युकेशन सोसायटीचं सपट कॉलेज. मग पुण्यातली लिहा. शक्य असेल तर मागच्या दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा. एकाच वर्षाचा कटऑफ पाहून ‘इथे मिळेलच’ असं धरून चालणं धोक्याचं, कारण तीन जागांच्या रांगेत एक विद्यार्थी इकडचा तिकडे झाला तरी आकडा बराच हलतो.

इथे दोन चुका दरवर्षी होतात. पहिली नोंदणीच्या वेळची. अर्जात टीएफडब्ल्यूएससाठी ‘हो’ म्हणून उत्पन्नाचा दाखला जोडला नसेल तर पुढे त्या जागांसाठी विचारच होत नाही, मग पर्सेंटाइल ९९ असलं तरी. दुसरी चूक पसंतीक्रमाची. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन कोड असतात, साधा आणि ‘टी’चा. साधा कोड वर ठेवला आणि तो मिळाला, तर खालचा शुल्कमाफीचा कोड तपासलाही जात नाही. तेव्हा ‘टी’चा कोड नेहमी वर, साधा त्याच्या खाली. २०२५ च्या प्रवेशांपासून हा क्रम आणखी महत्त्वाचा झाला आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना तोच नियम. ‘आधी घेऊन ठेवू, मग बदलू’ हा जुना हिशेब आता चालत नाही.

आणखी एक अट आधीच माहीत हवी. टीएफडब्ल्यूएसमधून प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. शाखा नक्की ठरली नसेल तर केवळ शुल्क माफ होतंय म्हणून नको असलेल्या शाखेत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षं नको त्या विषयात काढणं कोणत्याही माफीपेक्षा महाग पडतं.

टीएफडब्ल्यूएस हुकलं तरी राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती उरते, जिला लोक अजून ईबीसी म्हणतात. ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांना ५० टक्के शिक्षण शुल्क मिळतं. मुलींसाठी चित्र याहून चांगलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते.

या निर्णयातलं एक वाक्य प्रत्येक पालकाने वाचायला हवं: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. शिवाय कॅपमधूनच प्रवेश हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावरून प्रवेश घेतला तर ही सवलत गेली. म्हणजे एखाद्या खासगी विद्यापीठाने अशा पात्र मुलीला ‘५० टक्के मेरिट स्कॉलरशिप’ देऊ केली आणि तिने ती आनंदाने घेतली, तर कॅपमधल्या कॉलेजात सरकारकडून मिळणारी पूर्ण माफी तिने नकळत सोडून दिलेली असते.

आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. खासगी विद्यापीठाचं शिक्षण शुल्क वर्षाला ३,००,०००, त्यावर ५० टक्के सूट, म्हणजे १,५०,०००. इतर शुल्क ६०,०००, वसतिगृह आणि जेवण १,४०,०००. वर्षाचे ३,५०,०००, चार वर्षांचे १४ लाख. दुसऱ्या वर्षी सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी, घसरून सूट गेली तर उरलेल्या तीन वर्षांचे ४,५०,००० वाढतात आणि बेरीज १८,५०,००० वर जाते. दुसरीकडे घरून ये-जा करता येईल असं कॅपमधलं कॉलेज: शिक्षण शुल्क १,१०,०००, विकास आणि इतर शुल्क २५,०००. ईबीसीवर मुलाला वर्षाला ८०,००० भरावे लागतात, चार वर्षांत ३,२०,०००. टीएफडब्ल्यूएस असेल तर चार वर्षांत साधारण १ लाख. खासगी विद्यापीठात जाऊच नये असं मी म्हणत नाही. एखादी विशिष्ट शाखा, प्रयोगशाळा किंवा कॅम्पस मुलाखतींसाठी तिथे जाणं योग्यही असू शकतं. पण तुलना करायची ती चार वर्षांच्या बेरजेची. शिष्यवृत्तीचे टक्के एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

खासगी किंवा अभिमत विद्यापीठाची शिष्यवृत्ती तपासायची असेल तर प्रवेश समुपदेशकाच्या फोनवर विसंबू नका. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रवेश किंवा शुल्क या विभागात ‘स्कॉलरशिप पॉलिसी’ असा दस्तऐवज असतो. तो चालू शैक्षणिक वर्षाचा आहे ना ते बघून उतरवून घ्या. मग त्यात पुढच्या गोष्टी शोधा. सूट कशावर ठरते: बारावीचे टक्के, जेईई किंवा सीईटीचं पर्सेंटाइल, की संस्थेची स्वतःची परीक्षा? सूट फक्त शिक्षण शुल्कावर आहे की एकूण शुल्कावर? टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेत? ठरावीक रक्कम असेल आणि शुल्क दरवर्षी वाढत असेल तर सवलतीचा वाटा दरवर्षी आक्रसत जातो. पात्र ठरणाऱ्या सगळ्यांना मिळते की पहिल्या काही जणांनाच? आणि सर्वांत महत्त्वाचं, पुढच्या वर्षी टिकवण्याची अट काय?

टिकवण्याच्या अटींमध्ये मोठा फरक असतो. ‘सीजीपीए ८ पेक्षा कमी होऊ नये’ ही अट विद्यार्थ्याच्या हातात आहे. ‘वर्गातल्या पहिल्या ५ टक्क्यांत राहावं’ ही अट त्याच्या एकट्याच्या हातात नाही, कारण वर्गात सगळेच शिष्यवृत्तीधारक असतील तर त्यातले बहुतेक बाहेर पडणारच. ‘एकही विषय राहता कामा नये’ ही तिसरी तऱ्हा. पहिल्या सत्रात गणितात किंवा इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये अडखळणारी हुशार मुलं काही थोडी नसतात, आणि बॅकलॉग नंतर सुटला तरी सूट परत येत नाही. समुपदेशकाला एकच प्रश्न ईमेलवर लेखी विचारा: मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला ही शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी किती जणांची दुसऱ्या वर्षी टिकली? उत्तर आलं तर उत्तम. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. देऊ केलेली सूट ऑफर लेटरवर रुपयांत आणि चारही वर्षांसाठी लिहून घ्या. जागा अडवण्यासाठी पैसे भरण्याआधी परताव्याचा नियम आणि त्याची शेवटची तारीख छापून जवळ ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काही नामवंत खासगी विद्यापीठं गुणवत्तेपेक्षा कुटुंबाची गरज पाहून पैसे देतात. अशोका विद्यापीठ आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ यांची मदत मुख्यतः गरजेवर आधारलेली आहे. तिथे केवळ ९५ टक्के दाखवून शुल्क सहसा कमी होत नाही, पण प्रवेश मिळाला आणि उत्पन्न कमी असेल तर मोठी सवलत मिळू शकते. आयआयटीतही वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं आणि १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ होतं. कमी उत्पन्नाच्या हुशार मुलाने फक्त ‘मेरिट’ हा शब्द शोधला तर ही दारं त्याला दिसणारच नाहीत.

अभियांत्रिकीकडे ओढा नसलेल्या, मूलभूत विज्ञान मनापासून आवडणाऱ्या मुलामुलींसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे आणि नाशिकमध्ये तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. बारावीला आपल्या बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात असलेला विद्यार्थी त्याच वर्षी बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला मूलभूत अथवा नैसर्गिक विज्ञान घेऊन गेला तर वर्षाला ८०,००० रुपयांची ही शिष्यवृत्ती आहे. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याला मिळतात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. दरवर्षी १२,००० शिष्यवृत्त्या. कॉलेज रोडवरच्या एचपीटी-आरवायकेमध्ये किंवा गंगापूर रोडवरच्या केटीएचएममध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन घरी राहून शिकणाऱ्याचा सगळा खर्च यातून निघून पैसे उरू शकतात. पुण्याच्या आयसरला, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, जाणाऱ्यालाही ती लागू आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बीसीए यांना नाही. बोर्डाचा कटऑफ दरवर्षी बदलतो, आणि अर्जासोबत प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा प्रवेश झाल्याबरोबर कार्यालयात नमुना देऊन ठेवा.

गणितात खरोखर गती असेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेचे कोलकात्याचा बी.स्टॅट आणि बंगळुरूचा बी.मॅथ हे अभ्यासक्रम बघा. तिथे परंपरेने शिक्षण शुल्क नसतं, उलट चांगली कामगिरी राखणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. प्रवेश परीक्षेत पर्यायी प्रश्नांबरोबर वर्णनात्मक गणिताचाही पेपर असतो, त्यामुळे केवळ जेईईच्या पर्यायी प्रश्नांच्या सरावावर ती निघत नाही. अकरावीपासून सिद्धता लिहायची सवय लागते.

केंद्राच्या बाकी योजना थोडक्यात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच्या केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीसाठी बोर्डाच्या आपल्या शाखेत ८० च्या वरचं पर्सेंटाइल आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न लागतं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० मिळतात, पदव्युत्तरला २०,०००. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत, हे न कळल्याने अनेक पात्र मुलं अर्ज न करताच थांबतात. मात्र ही घेताना राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती सोबत घेता येत नाही, तेव्हा मोठी रक्कम कुठली ते आधी ठरवा. तांत्रिक शिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,०००, उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांत रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची आहे: अभ्यासक्रमभर मिळून २ लाखांपर्यंत, ५,००० विद्यार्थ्यांना, १५ लाखांच्या आतलं उत्पन्न, बारावीला किमान ६० टक्के आणि ऑनलाइन अभियोग्यता चाचणी अनिवार्य. ती चाचणी न दिल्याने अर्ज बाद होतात, गुण कितीही असोत. जुन्या याद्यांमध्ये केव्हीपीवाय आणि एनटीएसई या शिष्यवृत्त्यांची नावं अजून फिरतात. केव्हीपीवाय २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली आणि एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे. त्या यादीवरची बाकीची माहितीही तितकीच जुनी समजा.

परदेशात पदवीला जायचा विचार असेल तर अमेरिकेपुरतं एक साधन सांगतो. तिथली बरीच विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा ठरावीक नमुन्यातला दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘एच’ विभागात गरज नसतानाही गुणवत्तेवर किती विद्यार्थ्यांना संस्थेने पैसे दिले आणि सरासरी रक्कम किती, ते एच२ए या तक्त्यात असतं. परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते का, ते एच६ मध्ये. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. तेव्हा मेरिटचे पैसे हवे असतील तर यादीत नाव वेगळं लागेल, आणि अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीसाठी अर्जाची तारीख १ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे बारावीच्या पहिल्या सहामाहीतच असते.

आता कागदपत्रं. शिष्यवृत्त्या हुकतात त्या बहुतेक इथेच.

उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला ३१ मार्चपर्यंत वैध असतो. बारावीच्या परीक्षेआधी, जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. प्रवेश २०२६-२७ चा असेल तर २०२५-२६ चं उत्पन्न दाखवणारा दाखला हवा, आणि तो १ एप्रिलनंतरच मिळतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज टाका. निकालानंतर तिथे रांगा लागतात आणि सर्व्हरही मंदावतो. शेती आणि नोकरी दोन्ही असेल तर दोन्हींचं उत्पन्न एकत्र येतं. तलाठी अहवालातलं शेतीचं उत्पन्न आणि पगाराचा फॉर्म १६ यांत तफावत असेल तर ती आत्ताच मिटवा.

ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र राज्यासाठी वेगळ्या नमुन्यात आणि केंद्रासाठी वेगळ्या नमुन्यात मिळतं. केंद्राच्या निकषात ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असलेलं कुटुंब बसत नाही, राज्याच्या निकषात जमिनीची ही अट नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या घरांत हा फरक थेट लागू पडतो: मुलगा कॅपमध्ये ईडब्ल्यूएस आणि जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, खुला, असं होऊ शकतं. एसईबीसी आणि ओबीसीसाठी जात प्रमाणपत्राबरोबर नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता लागते. वैधतेच्या अर्जाची पावती तात्पुरती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर जागा आणि सवलत दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. अकरावीतच हा अर्ज करणं शहाणपणाचं.

मग बँक खातं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत. आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे थेट खात्यात पैसे येण्यासाठी, शेवटचं जोडलेलं खातं जे असेल, त्यावर ते जातात. लहानपणी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथे जोडलेलं असेल तर मंजूर रक्कमही परत जाते. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये बँकेचं नाव दिसतं, ते आजच बघा. आधारवर नाव एका क्रमाने आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, हा फरक सहसा चालून जातो. पण एखाद्या अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक चालत नाही. तो आधारवर दुरुस्त करून घ्या, गुणपत्रिका दुरुस्त करायला बोर्डाकडे फार वेळ जातो.

अर्ज सादर झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे पडताळणीला जातो आणि नंतर विभागाकडे. त्रुटी असेल तर अर्ज परत तुमच्याच लॉगिनमध्ये येतो. संदेश आला नाही म्हणून कोणी उघडूनच बघत नाही आणि मुदत संपते. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची सवय ठेवा आणि प्रत्येक वेळी त्या पानाची पीडीएफ साठवा. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने पूर्ण शुल्क मागितलं तर कॅपचं वाटपपत्र आणि शासन निर्णयाची प्रत दाखवून फक्त फरकाची रक्कम भरायची मागणी करा. भरावंच लागलं तर पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर परतावा मागताना नेमकी रक्कम सिद्ध करता येत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृहाचा खर्च भागवायला त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज वेगळा भरायचा असतो, ईबीसीसोबत तो आपोआप जात नाही.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पहिल्या वर्षाची गुणपत्रिका हाती येताच भरा. निकाल उशिरा लागला तरी पोर्टलची मुदत थांबत नाही, आणि हजेरी योजनेच्या किमान अटीच्या खाली गेलेली असेल तर पडताळणीत तिथेच अडतं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात प्रत्येक योजनेची फाइल सांभाळणारी एक व्यक्ती असते. पहिल्याच महिन्यात तिचं टेबल शोधून ओळख करून ठेवा.